मिंबाचा पेरू

हेलेनाबर्ग मळा, सेंट जॉन बेट
८ मार्च १८४६

नेला,

यांटेने टॉर्टोलाहून आणलेला तुझा निरोप दिला. तोंडीच दिला, कारण माझ्यासाठी तू म्हणे कागद वाया घालवणार नाहीस. "आईला म्हणावं, साऱ्या मळ्याची पोरं पोचवतेस, माझं एक पोचवायला तुझे हात मोडले का?" बिचारा मान खाली घालून सांगत होता आणि मी त्याच्या टोपलीतले मासे निवडत होते. माझे हात मोडलेले नाहीत. आज सकाळीच त्यांनी वरच्या मळ्यावर जुळी काढली, दोन्ही जिवंत आहेत.

तू लिही न लिही, मी लिहिणार. मिशनमधल्या बायांनी मला अक्षरं शिकवली ती देवाची गाणी वाचता यावीत म्हणून. त्या अक्षरांनी मी लेकीशी भांडते म्हणून देव रागावला, तर त्याचं मी बघून घेईन.

मिंबा मोठ्या घरात आहे. कारभारी बेंडिक्सची बायको तिला दिवसभर पंखा घालायला ठेवते आणि निजायलाही आपल्याच पलंगाच्या पायाशी घेते. तू गेलीस त्या दिवशी हेच होतं, आजही हेच आहे. टॉर्टोलाला इंग्रजांनी गुलामी उठवली आहे म्हणून तुला तिकडच्या होडीत ढकललं, तेव्हा मी म्हटलं होतं, पोरीला पाठोपाठ पाठवते. म्हटलं होतं, नाकारत नाही. पण दुसऱ्या दिवशी तुला खांबाला बांधणार होते. तू तिच्यासाठी थांबली असतीस तर तिने काय पाहिलं असतं, याचा कधी विचार करशील?

आणि "स्वतः मोकळी फिरतेस" असलं टोचून बोलणं यांटेबरोबर पाठवू नकोस. म्हाताऱ्या मालकिणीने मरताना मला मोकळं केलं, माझ्या पोटच्या पोरीला नाही. हे काही मी मागून घेतलं नव्हतं. सुईण म्हणून मला सगळ्या मळ्यांवर फिरायची चिठ्ठी आहे, तिचा मी जमेल तसा उपयोग करते.

आपली रापण तशीच चालली आहे. यांटे शंख फुंकतो, वाळूवर असेल तो दोर ओढायला लागतो, ओढेल त्याला मासा मिळतो. मुकादमही येतो, त्यालाही मासा आवडतो. एवढ्या गर्दीत एखादा जाळं नीट करायला होडीत चढला आणि होडी दुसरा फेरा मारायला गेली, तर कोण बघतं? रात्री पहाऱ्याच्या होड्या फिरतात. भर उन्हात सगळ्यांचं लक्ष माशांवर असतं.

तू नेलेली माती अजून पिशवीतच खुंटीला टांगून ठेवली आहेस, असं यांटे म्हणाला. घाल बाई ती जमिनीत. तुझी नाळ मी पुरली, तिच्यावर लिंबू मी लावलं, आणि तू जाताना त्याच्या मुळाची ओंजळभर माती मीच काढून दिली. प्रत्येकाला देते. आपल्या झाडाच्या मातीशिवाय माणूस तिकडे रुजत नाही, नुसता राहतो.

तुझी आई
डोर्टे


१९ जुलै १८४६

नेला,

तिघं आली असतील तुझ्याकडे. याकोब, त्याची बायको आणि सासू. सासूला बोटीत चढवताना यांटेची कंबर धरली, आता तो शंख बसून फुंकतो.

मिंबा नव्हती त्यांच्यात. तू काठावर येऊन उभी होतीस आणि होडीत वाकून वाकून पाहत होतीस, हे यांटेने सांगितलं. सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. बाईसाहेब त्याच आठवड्यात सेंट थॉमसला गेल्या आणि तिला बरोबर घेऊन गेल्या. मी काय करणार होते?

ती तिथून बूट घालून आली. लाल, बकल असलेले. एका बोटाने मोठे आहेत, पण काढायला तयार नाही. फट फट करत चालते आणि मागे वळून बघते, कोणी पाहतंय का म्हणून. तुझ्यावरच गेली आहे.

एक गंमत सांगते, म्हणजे तुझा राग जरा उतरेल. बाईसाहेबांच्या पाठीचं दुखणं चोळायला मला बोलावलं होतं. मी चोळतेय, मिंबा पंखा घालतेय. मधेच विचारते कशी, "बाईसाहेब, तुमचं झाड कुठाय?"

"माझं कसलं झाड?"

"तुमची नाळ पुरली ते. माझा पेरू हाय, विहिरीच्या वाटेवर. आजीचं फणसाचं हाय. टोबियास मुकादमाची चिंच हाय, पण ती आंबट नाय, तोच आंबट हाय."

बाईसाहेब हसल्या. म्हणाल्या, "आमच्या देशात असं काही करत नाहीत गं."

तर ही बया त्यांना म्हणते, "मग तुम्हाला घरी परत जायची वाट कशी कळणार?"

बाईसाहेब हसायच्या थांबल्या. मला म्हणाल्या, पोरीला बाहेर ने, उकडतंय. आणि पंखा घालणारीलाच बाहेर काढलं, बघ!

बाहेर आल्यावर मी तिला सांगितलं की झाडाच्या गोष्टी मोठ्या घरात करायच्या नसतात. "का?" म्हणाली. का ते मला नीट सांगता आलं नाही. सहा वर्षांच्या पोरीला किती सांगायचं?

तुला तिची माया आठवते, मला ती रोज दिसते. कोणाचं जास्त कठीण, हे तूच ठरव.

आई


१० जानेवारी १८४७

नेला,

तुझं पत्र आलं. चार ओळींचं, त्यात तीन शिव्या. तरी मी ते उशाशी ठेवलं आहे.

इथे फार वाईट झालं आहे. याकोबचा नारळ तोडला. नंतर त्याच्या बायकोची चिंच, सासूची बोर. ज्यांची माणसं गेली तेवढीच झाडं. मी वाटेवरून येत होते तर बेंडिक्स साहेब स्वतः उभा, काठीने मुळाशी टोचून बघत होता. माती उकरल्याची खूण पावसाळ्यानंतरही राहते, नेला. मला कधी सुचलंच नाही की ती दुसऱ्या कोणाला दिसेल. आपल्या माणसाला दिसली तर तो नजर वळवतो. पण बायकोने रात्री जेवताना नवऱ्याला पोरीची गंमत सांगितली असणार आणि त्या माणसाने ती नीट ऐकून घेतली.

आता टोबियास मुकादम सकाळ-संध्याकाळ झाडांवरून फेरी मारतो. ज्याच्या मुळाशी ताजी माती, तो जाणार, हे त्यांनी ओळखलं आहे. परवा वाटेत भेटला.

"काय सुईणबाई, बागकाम जोरात?"

"तुझ्या चिंचेला शेण घालू का सांग. नाळ मीच पुरलीय तुझी."

"माझ्या झाडाला हात लावू नको म्हातारे," म्हणाला, आणि हसता हसता त्याचा चेहरा पडला. "मला कुठं जायचं नाय. मला हितंच मरायचंय. तू पण जप. मला हुकूम झाला तर मी ओळख ठेवणार नाय."

ते त्याने धमकी म्हणून सांगितलं की काळजीने, मला कळलं नाही. त्यालाही कळलं नसेल.

म्हणून मी सगळ्यांना बजावलं आहे, आता माती नाही. हात हलवत जा, झाडाकडे बघूसुद्धा नका. तर लोक जायलाच तयार नाहीत! म्हातारी सुझॅना मला म्हणाली, "मातीबिगर जाऊ? मग मेल्यावर माझा जीव कुठं शोधत फिरंल?" जन्मभर मीच त्यांना हे सांगत आले. आता मीच म्हणते, त्यात काही नाही. कोण ऐकणार?

पण ऐक. बाईसाहेबांना दिवस गेले आहेत. त्यांना उलट्या होतात, मासा समोर नको होतो, पण साहेबाला मासाच लागतो. म्हणून रापणीच्या दिवशी स्वयंपाकघरासाठी मासे आणायला मिंबाला वाळूवर पाठवतात. टोपली घेऊन एकटी येते. नेला, ती एकटी येते!

येत्या वेळी ती आणि सुझॅना. पोरीला मी काही सांगणार नाही. सांगितलं तर ती आधी पेरूचा निरोप घ्यायला जाईल, मीच तसं शिकवलं आहे. तिला वाटेल आपण होडीत बसून मासे बघायला चाललो. तुझ्या काठाला लागेल तेव्हा रडेल, ओरडेल, मला दूषणं देईल. देऊ दे. तुझ्या मांडीवर बसून देईल.

तिला पाण्यात हात घालायची सवय आहे. तेवढं सांभाळ.

आई


१६ फेब्रुवारी १८४७

नेला,

सुझॅनाने तुला सगळं सांगितलंच असेल. ती नीट पोचली ना? तिला खोकला आहे, गरम पाणी देत जा.

तू तिच्यावर ओरडू नकोस. मीही आधी ओरडले, मनातल्या मनात. पदराच्या गाठीत माती बांधून आणली होती म्हातारीने. कधी काढली, कुठून काढली, देव जाणे. झाडाच्या बुंध्यापासून नाही म्हणे, लांबच्या मुळाची, कोणाला दिसणार नाही अशी. तिला वाटलं तिने फार शहाणपणा केला.

मिंबा होडीत चढली होती. बूट ओले होऊ नयेत म्हणून काढून वाळूवर ठेवले आणि चढली, जाळ्याच्या ढिगावर बसली. मी काठावर दोर धरून उभी. यांटे होडी पाण्यात लोटत होता. सुझॅनाने सवयीने गाठ चाचपली आणि पोरीने ते पाहिलं.

"काय हाय त्यात?"

"काय नाय गं. बस गप."

"माती हाय. तू जाणार? सुझॅना, तू जाणार?" आणि मग माझ्याकडे बघितलं. मी तिची वेणी त्या सकाळी घट्ट घातली होती, जाणाऱ्या बायकांची घालते तशी. वाऱ्याने सुटू नये म्हणून. तिने वेणीला हात लावला. "आजी, मी पण जाणार? आईकडं? मग माझी माती?"

मी म्हटलं, बस, मी मागून पाठवते. पण मागून पाठवते हे माझं बोलणं तिने तुझ्या वेळी ऐकलं होतं.

"लग्गेच येते," म्हणाली आणि उडी मारली. कमरेएवढ्या पाण्यातून धावत सुटली. मी दोर सोडून तिच्यामागे धावले असते तर सगळ्यांच्या नजरा होडीकडे गेल्या असत्या. होडीत सुझॅना होती. मी दोर धरून राहिले. यांटे माझ्याकडे बघत होता, थांबू का म्हणून. मुकादमाचा माणूस वाळूवर यायला लागला तेव्हा मीच यांटेला मान हलवली, जा म्हणून.

टोबियासने तिला पेरूखाली धरलं. दोन्ही मुठीत माती होती. दंडाला धरून मोठ्या घरी नेलं. एवढंच झालं. साहेबाने विचारलं तर पोरीने एकच धरून ठेवलं, "झाडाशी खेळत व्हते." माझं नाव नाही, यांटेचं नाही.

ती बरी आहे. जेवते. कोंडून ठेवली आहे, पण बरी आहे. मक्याची लापशी आणि खारवलेला मासा देतात, तिला आवडतो तसा. बाईसाहेब हल्ली स्वतःच पंखा हलवतात, त्यांना दुसऱ्या कोणाच्या हातचा वारा चालत नाही.

तू इकडे यायचं मनातसुद्धा आणू नकोस. यांटेलाही मी सांगितलं आहे, नेलाला होडीत घेतलंस तर माझ्याशी गाठ आहे. थोडं शांत झालं की पुन्हा बघू.

बूट माझ्याकडे आहेत. मीठ लागून ताठ झाले होते, नारळाचं तेल चोळलं.

आई


३० मे १८४७

नेला,

मागचं पत्र खोटं होतं.

वाळूवरचं आणि पेरूखालचं सगळं खरं. पुढचं खोटं. मी ते लिहायला बसले त्याच्या आदल्या दिवशी तिला पोर्टो रिकोच्या जहाजावर घालून पाठवलं होतं. विकून. पळालेल्या बाईची पोर, तीही पळणार, म्हणून. मी धक्क्यावर गेले तेव्हा नुसतं शीड दिसत होतं. तुला खरं सांगितलं असतं तर तू मिळेल त्या फळकुटावर बसून इकडे आली असतीस आणि तुलाही धरलं असतं. दोघी जाण्यापेक्षा एक जाऊ दे, असा मी हिशेब केला. आई असून केला. आता हव्या तेवढ्या शिव्या दे, मी मोजणार नाही.

आज लिहिते कारण काल बाईसाहेब बाळंत झाल्या. मुलगा. आडवा होता. तिन्हीसांजेपर्यंत मी त्याला आत हात घालून वळवत होते. मी काही केलं नसतं तरी चाललं असतं, नेला. नुसती हात धुवून बाजूला उभी राहिले असते तरी कोणी मला बोललं नसतं, इतकं ते अवघड होतं. हे मनात आलं, खोटं बोलत नाही. पण हातांना ते येत नाही. त्यांनी आपलं काम केलं.

बाईसाहेब शुद्धीवर आल्यावर मी विचारलं, "माझी नात कुठे दिली?"

त्या रडायला लागल्या. "मला खरंच माहीत नाही, डोर्टे. साहेब सांगत नाहीत. दक्षिणेकडचा कोणी ऊसवाला होता. मी त्यांना नको म्हटलं होतं."

मी रक्ताची कापडं गोळा करायला लागले. मग त्यांनीच माझा हात धरला. म्हणाल्या, "ह्याची नाळ झाडाखाली पुरशील? मिंबा म्हणायची तशी? आम्ही इथे परके आहोत. ह्याने तरी इथे रुजावं असं वाटतं."

ऐकतेस? माझ्या पोरीला ज्या झाडापायी विकलं, तसलं झाड हिला मुलासाठी हवं.

मला ती नाळ समुद्रात फेकावीशी वाटली. खेकड्यांना घालावीशी वाटली. पण त्याच आठवड्यात साहेबाने हुकूम काढला होता की विहिरीच्या वाटेवरची राहिलेली झाडं तोडून टाका. पेरूवर चुन्याची खूणही झाली होती. टोबियास कुऱ्हाड परजून ठेवून पेरूपुरती दोन दिवस टाळाटाळ करत होता, पाठ धरली म्हणून.

मी नाळ कापडात गुंडाळली, वाटेवर गेले आणि पेरूखाली पुरली. मिंबाच्या नाळेला लागून. मग परत येऊन सांगितलं, "बाईसाहेब, तुमच्या लेकाचं झाड तो चुन्याची खूण केलेला पेरू. त्याला कोणाचा हात लागला तर पोराला लागेल."

बाईसाहेबांनी अंथरुणातून साहेबाला हाक मारली. अशी हाक मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. आज तिथे कुंपण घालताहेत. टोबियासच घालतोय. माझ्याकडे न बघता म्हणाला, "म्हातारे, तू लई वाईट हाईस."

बाकी सगळी झाडं गेली. तुझं लिंबू तर याकोबच्या नारळाबरोबरच गेलं, तेव्हा लिहिलं नव्हतं. माझा फणसही. वाट उघडी बोडकी दिसते.

तुझं उत्तर येणार नाही, हे मला ठाऊक आहे.

आई


२० ऑगस्ट १८४८

नेला,

तू येऊन गेलीस त्यालाही बरेच दिवस झाले. त्या दिवशी गर्दी होती, सगळी माणसं वाळूवर नाचत होती, टॉर्टोलाहून होड्याच होड्या येत होत्या. गव्हर्नराने सुटका जाहीर केली, आता कोणी कोणाचा गुलाम नाही, असं मिशनचा माणूस पेटीवर उभा राहून ओरडत होता. याकोब आला, त्याने मला उचलूनच घेतलं. सुझॅना खोकत खोकत आली. ज्यांना मी एकेक करून दिवसाउजेडी चोरून पाठवलं ती सगळी गाणी म्हणत परत येत होती. आणि मी गर्दीत तुला शोधत होते.

तू माझ्याजवळ आली नाहीस. सरळ विहिरीच्या वाटेला गेलीस, कुंपणावरून हात घालून एक पेरू तोडलास आणि होडीत जाऊन बसलीस. मी तुझ्यासाठी कसावाच्या कंदाची भाकरी करून ठेवली होती. ती सुझॅनाने खाल्ली.

आता तुझं पत्र आलं. "ये. एकटी राहू नकोस. घर आहे, पाऊस लागत नाही." एवढंच. शिवी नाही. नेला, शिवी असती तर बरं वाटलं असतं. हे तू दमून लिहिलं आहेस, मला कळतं.

मी त्या ऊसवाल्याचा पत्ता काढायचा फार प्रयत्न केला. मिशनला लिहायला लावलं. यांटे तिकडच्या खलाशांना विचारतो. पोर्टो रिको केवढं मोठं, तिथे ऊस केवढा, आणि तिथे कोणी पेटीवर उभं राहून काही जाहीर केलेलं नाही. इथे आणखी दीड वर्ष राहिली असती तर ती आज मोकळी असती. काही न करता मोकळी असती. मी तिला होडीत बसवलं नसतं, वेणी घातली नसती, तर आज माझ्या दारात लाल बूट फट फट वाजले असते. लोक मला देवी म्हणतात, पाया पडायला येतात. मी त्यांना आत घेत नाही.

तिला आता आठवं सरेल. नाव तरी तेच ठेवलं असेल का? आपलं बोलणं विसरली असेल, तिकडची भाषा बोलत असेल. तिला या बेटाचं नाव नीट कधी ठाऊकच नव्हतं, हेलेनाबर्ग म्हणताना जीभ अडखळायची. तू टॉर्टोलाला कुठल्या काठावर राहतेस, हे मी तिला मुद्दाम सांगितलं नव्हतं, चुकून कोणाजवळ बोलेल म्हणून. तिला विचारलं कुठली तू, तर ती काय सांगणार? विहिरीच्या वाटेवर पेरू आहे, एवढंच सांगेल.

म्हणून मी येत नाही. साहेब आणि बाईसाहेब शहरात राहायला गेले. मळा ओस पडतोय. कुंपण मोडलं होतं ते टोबियास आणि मी मिळून बांधलं, आता तो माझ्याशी बोलतो. मी झाडाजवळ खोप घातली आहे. पेरू यंदा इतके धरलेत की फांद्या वाकल्या. वाटेने जाणाऱ्या पोरांना देते, पण झाडावर चढू देत नाही.

बूट धाडत आहे. तिला आता होणार नाहीत, पण ते तुझ्याकडे असावेत. आणि तुझी माती खुंटीवरून काढ, नेला. जमिनीत घाल. इथलं लिंबू गेलं, ओंजळभर तेवढीच राहिली आहे.

तुझी आई